चवथीच्या घरात फ्लू शिरला तर: चाचणी कोणाची, ऑसेल्टामिव्हिर कोणाला, डेंग्यूशी गल्लत कशी टाळावी?

मये_तळी

गोव्यात चवथ (गणेश चतुर्थी) तीन आठवड्यांवर आली. मुंबई-पुण्याची, बेळगावची माणसं मूळ घरी येतील. एकेका घरात पंधरा-वीस जण, बाहेर पाऊस म्हणून खिडक्या लावलेल्या. वाड्यावरच्या घरांसाठी भिंतीला चिकटवता येईल असं एक पान करायचं आहे. ‘काळजी घ्या, भरपूर पाणी प्या’ एवढंच सांगणारी पानं पुष्कळ फिरतात. मला आकडे आणि पायऱ्या हव्या आहेत.

उदाहरणाला असं घर धरा. ७४ वर्षांचे आजोबा: वजन ६० किलो, मधुमेह, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.६. सातवा महिना चाललेली सून. ४ वर्षांचं निरोगी मूल, वजन १५ किलो. आणि मुंबईहून आलेला ३५ वर्षांचा धडधाकट मुलगा. त्याला मंगळवारी रात्री एकदम हुडहुडी भरून १०२ ताप, अंग मोडून येणं, डोकेदुखी, कोरडा खोकला.

या मुलाची चाचणी करायची का, आणि कोणती? बाकी तिघांना ताप येण्याआधीच काही द्यायचं का? ताप आला तर औषध किती? या दिवसांत डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), मलेरिया सगळंच असतं, ते वेगळं कसं काढायचं? आणि घरी ठेवलेल्या माणसाला हलवायची वेळ कशावरून ओळखायची?

रात्रपाळी

पानाच्या डोक्यावर दोनच प्रश्न मोठ्या अक्षरांत छापा: ताप कोणत्या तासाला सुरू झाला? आणि आजारी माणूस कोण? फ्लूमध्ये पुढचं जवळजवळ सगळं या दोन उत्तरांवर ठरतं. चाचणीचा क्रमांक त्यानंतर.

तास अशासाठी मोजायचे की हा विषाणू फार घाईत असतो. शरीरात शिरल्यापासून १ ते ४ दिवसांत, बहुधा दुसऱ्या दिवशी, लक्षणं दिसतात. ती हळूहळू चढत नाहीत. रोगी ‘संध्याकाळी पाच वाजता आडवा झालो’ असं वेळेसकट सांगतो. साध्या सर्दीत असं होत नाही. तिथे आधी घसा खवखवतो, मग नाक गळतं, ताप आलाच तर किरकोळ. फ्लूच्या विषाणूची वाढ पहिल्या दोन-तीन दिवसांत कळसाला जाते. ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूचं औषध विषाणूला मारत नाही. नवे तयार झालेले विषाणू पेशीपासून सुटण्यासाठी जे न्यूरामिनिडेज नावाचं विकर वापरतात, ते हे औषध अडवतं. बहुतेक विषाणू सुटून गेल्यावर अडवायला फारसं उरत नाही, म्हणून ४८ तासांची मर्यादा सांगतात. धोक्याच्या गटातला किंवा इस्पितळात दाखल झालेला रोगी असेल तर ४८ तास उलटले तरी औषध देतात. तिथे उशिरानेही फायदा होतो.

माणूस कोण, यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची अ, ब, क अशी वर्गवारी आहे.

अ म्हणजे सौम्य ताप, खोकला किंवा घसादुखी, अंगदुखी, कधी जुलाब-उलटी. चाचणी नाही, ऑसेल्टामिव्हिर नाही. घरी राहायचं, २४ ते ४८ तासांनी परत पाहायचं.

ब चे दोन भाग. पहिल्यात अ ची लक्षणं आहेतच, वर जोराचा ताप आणि घसा फार दुखतो. इथे डॉक्टर ऑसेल्टामिव्हिर देऊ शकतात. दुसऱ्यात लक्षणं सौम्य आहेत, पण माणूस धोक्याच्या गटातला आहे: गरोदर बाई, ६५ च्या वरची व्यक्ती, मधुमेह, दमा, हृदय, मूत्रपिंड, यकृत, रक्त किंवा मज्जासंस्थेचा आजार, कर्करोग, एचआयव्ही, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, आधीचा आजार असलेली मुलं. यांना औषध लगेच. चाचणीची वाट पाहायची नाही.

क म्हणजे दम लागणं, छातीत दुखणं, ग्लानी, रक्तदाब उतरणं, थुंकीतून रक्त, नखं निळसर होणं, मुलाने खाणंपिणं सोडणं किंवा सारखं झोपून राहणं, असलेला जुना आजार बळावणं. हे थेट इस्पितळात, चाचणीही तिथेच.

तुमच्या उदाहरणातला मुंबईचा मुलगा अ आणि ब च्या सीमेवर आहे. त्याला औषध दिलं तर आजार साधारण एका दिवसाने कमी होईल, नाही दिलं तरी तो बरा होईल. आजोबा आणि सून यांचं तसं नाही. त्यांना ताप आल्याबरोबर डॉक्टर गाठायचा, ‘उद्या सकाळी बघू’ म्हणायचं नाही. मूल ५ वर्षांच्या आतलं आहे, त्यालाही त्याच रांगेत धरा.

आजोबांबद्दल आणखी एक. म्हाताऱ्या माणसाला फ्लूत ताप चढेलच असं नाही. अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, जेवण टाकणं, बाथरूमला जाताना पडणं, हीच कधीकधी पहिली खूण असते. घरात आधीच कोणी खोकत असेल तर हे ‘वयोमानानं’ म्हणून सोडून देऊ नका.

नमुना_बाटली

चाचणीपुरतं लिहितो.

आरटी-पीसीआर ही खात्रीची चाचणी. ती इन्फ्लुएन्झा ए की बी, आणि ए असेल तर एच१एन१ की एच३एन२, हे सांगते. (लोक अजून ‘स्वाइन फ्लू’ म्हणून घाबरतात. २००९ च्या साथीतला एच१एन१ आता दरवर्षीच्या फ्लूपैकीच एक आहे. उपचार तोच, औषध तेच.) रॅपिड अँटिजन चाचणी पंधरा मिनिटांत होते, पण तिची संवेदनशीलता ५० ते ७० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे साथीच्या दिवसांत ती पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवा. निगेटिव्ह आली म्हणून फ्लू नाही असं समजून आजोबांचं औषध थांबवलं तर ती चूक महागात पडते. रक्तातल्या अँटिबॉडीची चाचणी चालू आजारासाठी कामाची नाही.

नमुना पहिल्या तीन-चार दिवसांतला हवा. पाचव्या-सहाव्या दिवशी निरोगी प्रौढाच्या नाकात विषाणू इतका कमी असतो की निगेटिव्ह अहवालाला अर्थ राहत नाही. आजार छातीत उतरलेला असेल, रोगी व्हेंटिलेटरवर असेल, तर उलटंही घडतं: नाकातला नमुना निगेटिव्ह आणि श्वासनलिकेतल्या स्रावात विषाणू भरपूर. अशा वेळी खालचा नमुना मागावा.

सर्वाधिक नमुने घेण्यात बिघडतात. नाकाची कांडी वर कपाळाकडे न्यायची नाही. टाळूला समांतर, सरळ मागे, नाकपुडीपासून कानाच्या अर्ध्या अंतरापर्यंत. तिथे काही सेकंद थांबवून फिरवायची. डोळ्यांत पाणी आलं नाही तर कांडी बहुधा पुढेच राहिली. कांडी पॉलिस्टर किंवा नायलॉनच्या टोकाची. लाकडी दांडीची कापसाची कांडी चालत नाही, लाकूड आणि कापूस पीसीआरमध्ये अडथळा आणतात. कांडी विषाणू-वाहक द्रवाच्या बाटलीत, बाटली २ ते ८ अंशांत, आणि ७२ तासांच्या आत प्रयोगशाळेत. बर्फाचा डबा नाही म्हणून दुपारभर गाडीच्या डिकीत राहिलेला नमुना पाठवून उपयोग नाही.

मुंबईच्या मुलाची चाचणी? अहवालाने उपचार बदलणार नसतील तर गरज नाही. पण घरात गरोदर बाई आणि मूत्रपिंड अधू असलेले आजोबा आहेत, आणि त्यांना प्रतिबंधक औषध द्यायचं की नाही हे ठरवायचं आहे, तर पहिल्याच दिवशी केलेली चाचणी उपयोगी पडते. घरातल्या पहिल्या रोग्याची करा. एकदा त्याचा अहवाल आला की मागून पडणाऱ्या सगळ्यांची करत बसू नका.

वाळपय_१२

तापांच्या गर्दीबद्दल, कारण आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खरी चूक इथे होते.

पहिल्या २४ तासांत खोकला आणि घसादुखी असेल तर पारडं फ्लूकडे झुकतं. डेंग्यूत खोकला-सर्दी सहसा नसते. डोळ्यांच्या मागे दुखतं, चेहरा लालसर होतो, पुढे पुरळ येतं. लेप्टोत पोटऱ्या दाबल्या की माणूस ओरडतो, डोळे लाल पण पू-चिपडं नाहीत, लघवी कमी होते. आणि विचारलं की आधीच्या पंधरवड्यात शेतात, गटारात किंवा साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरल्याचं निघतं. मलेरियात थंडी-ताप-घाम असा फेरा असू शकतो, पण सुरुवातीचे दिवस तो नुसता ताप म्हणूनच वावरतो. म्हणून रक्ताची काच किंवा रॅपिड चाचणी करून मोकळं व्हावं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होते.

डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी), त्यानंतर आयजीएम (अँटिबॉडीची). दुसऱ्या दिवशी आयजीएम करून ‘डेंग्यू नाही’ म्हणणं आणि सातव्या दिवशी फक्त एनएस१ करून तेच म्हणणं, दोन्ही सारखंच चुकीचं. प्लेटलेट थोड्या उतरल्या म्हणजे डेंग्यू असंही नाही; फ्लूतही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट काहीशा कमी होतात. डेंग्यूत प्लेटलेट उतरत असताना हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) चढतोय का ते पाहतात. तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या विडाल या रक्तचाचणीवरून ‘टायफॉइड निघाला’ म्हणून सलाइन लावून घेऊ नये. त्या चाचणीला पहिल्या आठवड्यात किंमत नाही. टायफॉइडची शंका असेल तर रक्ताचं कल्चर.

आता पानावर ठळक लिहाच असं. फ्लूत ताप उतरला की माणूस सुधारतो, आणि उतरलेला ताप परत आला की घाबरायचं. डेंग्यूत उलटं: ताप उतरतो तेव्हाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसात, धोका सुरू होतो. पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं. ‘ताप गेला, आता बरा झाला’ म्हणून त्याच दिवशी माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची आरास) बांधायला उभं राहणं डेंग्यूच्या रोग्याला भोवतं.

यातूनच वेदनाशामकांचा नियम निघतो. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नाही, अंगदुखीचं इंजेक्शन नाही. एक अपवाद ध्यानात ठेवा: हृदयाच्या रोग्याची रोजची ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घरच्यांनी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं. फ्लूच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट वाढलेला असतो.

सत्तरी तालुक्यातल्या लोकांसाठी वेगळी ओळ. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो डिसेंबर ते मे या कोरड्या दिवसांतला, रानात आणि काजूच्या बागायतीत गोचीड चावल्याने होणारा. चवथीला त्याचा संबंध नाही, पण फ्लूची दुसरी लाट जानेवारी ते मार्चमध्ये येते. तुमचं पान भिंतीवर राहिलं तर तेव्हा हे लागेल: काजू गोळा करणाऱ्याला जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी असेल तर ‘फ्लू आहे’ म्हणून घरी ठेवू नका, रानात गेल्याचं डॉक्टरांना सांगा.

गोळीचिठ्ठी

मात्रा लिहितो. देणारा डॉक्टरच, पण चिठ्ठी हातात आल्यावर घरच्यांना ती तपासता यायला हवी.

ऑसेल्टामिव्हिर प्रौढाला ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ५ दिवस. गरोदर बाईला तीच मात्रा, कमी करायची नाही. १ वर्षावरच्या, १५ किलोपर्यंतच्या मुलाला ३० मिलिग्रॅम दोनदा. १५ च्या वर २३ पर्यंत ४५. २३ च्या वर ४० पर्यंत ६०. ४० च्या वर ७५. द्रव औषध घेताना बाटलीवर १ मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते वाचा. १२ असेल तर १५ किलोच्या मुलाला २.५ मिलिलिटर, ६ असेल तर ५ मिलिलिटर. चमच्याने नाही, सिरिंजने मोजा. दरवेळी बाटली हलवा, तळाशी बसतं.

आजोबांकडे नीट पाहा. क्रिएटिनिन १.६ हा आकडा दिसायला किरकोळ, पण वय आणि वजन घालून हिशेब केला की (१४० वजा ७४) गुणिले ६०, भागिले (७२ गुणिले १.६), म्हणजे मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग साधारण ३४ मिलिलिटर प्रति मिनिट येतो. ३० ते ६० च्या मध्ये असेल तर मात्रा ३० मिलिग्रॅम दोनदा. १० ते ३० असेल तर ३० मिलिग्रॅम एकदा. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात नेहमीची ७५ लिहून जाण्याची शक्यता असते, म्हणून शेवटचा क्रिएटिनिनचा अहवाल खिशात घेऊनच जा.

प्रतिबंधासाठी, म्हणजे लक्षणं नसताना: ७५ मिलिग्रॅम दिवसातून एकदाच, १० दिवस, संपर्कानंतर ४८ तासांच्या आत सुरू केलं तरच. आजोबांना ३० मिलिग्रॅम एकदा. हे घरातल्या पंधरा जणांना वाटायचं औषध नाही. फक्त आजोबा आणि सून यांच्याबाबत डॉक्टरांशी बोला. आणि प्रतिबंधक मात्रा चालू असताना ताप आलाच तर तीच पुढे रेटू नका. लगेच दिवसातून दोनदाच्या उपचाराच्या मात्रेवर जायचं असतं.

उलटी-मळमळ हा नेहमीचा त्रास, जेवणासोबत घेतलं की कमी होतो. दोन दिवसांत बरं वाटलं तरी पाच दिवस पुरे करायचे. फेब्रुवारी २०१७ पासून हे औषध एच१ अनुसूचीत आहे: चिठ्ठीशिवाय मिळणार नाही, दुकानदाराला नोंद ठेवावी लागते. चवथीच्या सुट्टीत दुकानं बंद असतात, तेव्हा जवळचं कोणतं उघडं राहणार ते आधी विचारून पानावर लिहा. हे काम फुकट जाणार नाही.

पॅरासिटामॉल: प्रौढाला ५०० ते ६५० मिलिग्रॅम, दोन मात्रांत ६ तास. आजोबांच्या वयात, जेवण कमी झालेलं असताना, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत राहा. यकृताचा त्रास किंवा रोजचं मद्यपान असेल तर २ ग्रॅम. मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोला साधारण २२५, दिवसात जास्तीत जास्त चारदा. गोंधळ सिरपच्या दोन ताकदींमुळे होतो. ५ मिलिलिटरला १२० वालं असेल तर ९ मिलिलिटर, २५० वालं असेल तर ४.५. पहिल्याचं माप दुसऱ्या बाटलीतून दिलं तर मात्रा दुप्पट. पाहुण्यांच्या घरात दोन आयांच्या दोन बाटल्या एकाच फळीवर असतात, हे विसरू नका.

सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. ती गोळी आणि वर तापाची गोळी म्हणजे तेच औषध दोनदा. शिवाय त्यातलं फिनाइलेफ्रिन रक्तदाब चढवतं आणि क्लोरफेनिरामिनने प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्यांची लघवी अडकते. हे दोन्ही एकत्र असलेलं औषध ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं लेबलवर छापा, असा आदेश औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीच नाही: फ्लूत रे सिंड्रोमचा धोका असतो, मेंदू आणि यकृताला इजा होते.

आणि अझिथ्रोमायसिन. ‘तीन गोळ्यांचा कोर्स’ फ्लूवर काही करत नाही. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ वाढला तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने हेच जाहीरपणे सांगितलं होतं.

मये_तळी

फार उपयोगी. थोडं उरलं. छातीला फेणी चोळणं, वाफारे, काढा, यांबद्दल लोक विचारणारच. घरी ठेवलेल्या माणसाचं काय काय मोजायचं? लस आता घेऊन उपयोग आहे का? आणि तो मुंबईचा मुलगा आरतीला कधी उभा राहू शकतो?

रात्रपाळी

आधी माझ्याच वरच्या वाक्यात दुरुस्ती. मुलाला ‘त्याच रांगेत धरा’ लिहिलं, ते डॉक्टरकडे नेण्यापुरतं. निरोगी ४ वर्षांच्या मुलाला सौम्य ताप असेल, ते खेळत-खात असेल, तर ऑसेल्टामिव्हिर द्यायलाच हवं असं नाही, तपासून ठरवतात. २ वर्षांखालच्या बाळाला मात्र औषध सुरू करण्याकडे कल ठेवतात.

फेणी नको. चोळल्यावर मिळणारी ऊब चोळण्याची असते, फेणीची नाही. लहान मुलाच्या कातडीतून मद्य आत शिरतं. पोटातून घेतली तर पॅरासिटामॉलसोबत यकृतावर भार, आणि शरीरातलं पाणीही कमी होतं. वाफाऱ्याने विषाणू मरत नाही, नाक मोकळं वाटतं एवढंच. उकळत्या पाण्याचं भांडं मुलाजवळ नेऊ नका, भाजल्याचा धोका फ्लूपेक्षा मोठा. काढा हरकत नाही, पण आजोबांना गुळाशिवाय. ज्येष्ठमध रोज मोठ्या प्रमाणात नको, त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. रात्रीच्या खोकल्याला १ वर्षावरच्या मुलाला अर्धा ते एक चमचा मध चांगला. उकड्या तांदळाची मिठाची पेज हे आपलं उत्तम पेय आहे, पाणी आणि मीठ दोन्ही पोटात जातं. उलटी-जुलाब असतील तर ओआरएसचं एक पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात. अर्धं पाकीट पेल्यात अंदाजाने नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याला डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर ‘भरपूर पाणी’ त्याला लागू नाही.

मोजायचं काय? दर ६ तासांनी ताप, नाडी, ऑक्सिजन, श्वास, वहीत वेळेसकट. ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं बसवा, बोटं गार असतील तर चोळून गरम करा, नखावरचा रंग काढा, आकडा मिनिटभर स्थिर झाल्यावर वाचा. ९४ च्या खाली गेला की निघा; गरोदर बाईला ९५ च्या खाली. श्वास पूर्ण ६० सेकंद मोजा, मूल रडत नसताना: १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त म्हणजे जलद, २ महिने ते १ वर्षात ५०. प्रौढाचा बसल्या जागी २४ च्या वर राहिला तर दाखवा, ३० म्हणजे थांबूच नका. सुनेला बाळाची हालचाल कमी वाटली तर ताप कितीही असो, निघायचं.

आजोबांची साखर दिवसातून चार वेळा. इन्सुलिन असेल तर जेवण कमी झालं म्हणून पूर्ण बंद करायचं नाही, तापात साखर चढते. उलट डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आणि मेटफॉर्मिन खाणंपिणं थांबलेलं असताना चालू ठेवणं धोक्याचं. डॉक्टरांना फोन करून कोणती थांबवायची ते आजार यायच्या आधीच लिहून घ्या.

ताप उतरून एक-दोन दिवस बरे गेले आणि पाचव्या-सातव्या दिवशी परत ताप, पिवळी किंवा गंजाच्या रंगाची थुंकी, एका बाजूला छातीत टोचणं: ही जिवाणूंची न्यूमोनिया. अँटिबायोटिकची खरी वेळ ही, आणि एक्स-रेचीही. क मधलं काहीही दिसलं तर १०८. डिचोली-पेडण्याकडून म्हापशाचं जिल्हा इस्पितळ (लोक अजून आझिलोच म्हणतात), दक्षिणेकडून मडगावचं, आणि खूप दम लागलेला असेल तर कुठे न्यायचं, वाटेत प्राणवायू कसा, हे १०८ च्या लोकांनाच ठरवू द्या. थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेण्याच्या हट्टाने स्वतःच्या गाडीत ऑक्सिजनशिवाय तासभर काढू नका.

नमुना_बाटली

लसीचं मी सांगतो. आपल्याकडची मोठी लाट पावसाळ्यातली, म्हणून घ्यायची वेळ एप्रिल-मे, दक्षिण गोलार्धाच्या शिफारशीची चालू वर्षाची लस. तिचे प्रकार जागतिक आरोग्य संघटना आदल्या सप्टेंबरात ठरवते. डब्यावर वर्ष आणि गोलार्ध छापलेला असतो, टोचून घेण्याआधी वाचा. गेल्या वर्षीची उरलेली नको. परिणाम सुरू व्हायला दोन आठवडे. चवथीला तीन आठवडे आहेत, म्हणजे या आठवड्यात घेतली तर पोचते, आणि लाट सप्टेंबरभर चालतेच. आजोबा आणि सून यांनी नक्की. गरोदरपणात कुठल्याही महिन्यात चालते, आणि बाळाला पहिले काही महिने आईकडून संरक्षण मिळतं. मूल ६ महिने ते ८ वर्षांचं असेल आणि पहिल्यांदाच घेत असेल तर ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. चवथीपर्यंत एकच होईल, तरी सुरू करा. लस जुळली तर ४० ते ६० टक्के आजार टळतात. म्हणजे लस घेतलेल्या आजोबांनाही ताप आला तर वरचे ४८ तास लागू आहेतच. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी, गोठली तर फेकायची. वीज जाते त्या दिवसांत दवाखान्याच्या फ्रिजबद्दल विचारायला संकोच करू नका.

आरतीचं. लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे ५ ते ७ दिवस विषाणू बाहेर पडतो, मुलांत त्याहून जास्त. घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवत केलेल्या आरतीत माणसं खांद्याला खांदा लावून वरच्या पट्टीत गातात, शिंतोडे दूर जातात. म्हणून नुसता ताप गेल्यावर नाही. मंगळवारी रात्री ताप सुरू झाला, शुक्रवारी संध्याकाळी पॅरासिटामॉलशिवाय उतरला आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत परत चढला नाही, तरी पुढच्या मंगळवारपर्यंत वेगळ्या खोलीत, पाऊस असला तरी समोरासमोरची दोन दारं-खिडक्या बोटभर उघडी, बाहेर येताना तीन पदरी मास्क, ताट एकाच माणसाने नेऊन द्यायचं आणि तो माणूस सून नव्हे. बुधवारी आरतीला उभा राहू दे. खोकला दोन आठवडे राहील, तोवर आजोबांच्या शेजारचं पाट त्याचं नको.

मये_तळी

बुधवारपर्यंतचा हा हिशेब पानावर तसाच घेतो. सोबत एक रिकामी चौकट ठेवतो: नाव, ताप सुरू झाल्याची वेळ, वजन, शेवटचं क्रिएटिनिन, चालू गोळ्या. डॉक्टरकडे जाताना ती फाडून न्यायची.

गोळीचिठ्ठी

चौकटीत ‘पॅरासिटामॉलची शेवटची मात्रा किती वाजता, किती मिलिग्रॅम’ हेही घाला. दोन आया, दोन बाटल्या.